जेसीबीपुढचा माणूस आणि मोरीतला कोळी

"मोरीतला कोळी मी काढतो," असं केसरीनाथ पाटील सकाळी सात वाजता बोलून गेले आणि तिथंच सगळं बिघडलं.

बोलले नसते तर काय झालं असतं? काही नाही. त्यांच्या बायकोनं, बायजाबाईंनी, तो कोळी पडलेलं पान उचलावं तसा उचलून बाहेर टाकला असता आणि वर चहा ठेवला असता. पण सून उन्नती टॉवेल खांद्यावर टाकून मोरीच्या दारात उभी होती. तिला सहावा महिना लागलेला. तिनं शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, आत कोळी हाय. बांगडीएवढा. तो हाय तवर मी अंघोळ करणार न्हाय." आता सुनेनं असं म्हटल्यावर सासऱ्यानं, तेही जेसीबीपुढं उभ्या राहिलेल्या सासऱ्यानं, पेपर वाचत बसायचं का? सांगा बघू.

ते जेसीबीचं आधी सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी गावचा हातपंप उखडायला जेसीबी आला तेव्हा केसरीनाथ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, हलले नाहीत. मशीन दोन हातांवर आलं, तरी हलले नाहीत. शेवटी जेसीबी परत गेला आणि वळ ह्या त्यांच्या गावात केसरीनाथांचं नाव झालं. (त्यांची उजवी चप्पल चिखलात घोट्यापर्यंत रुतली होती आणि हलायचं म्हटलं तरी हलता येत नव्हतं, हे फक्त त्यांना आणि त्या चप्पलेला माहीत.) तेव्हापासून गावात कुठं काही अडलं की लोक म्हणतात, केसरीनाथला बोलवा, तो कुणाच्या बापाला घाबरत न्हाय.

कुणाच्या बापाला घाबरत नव्हते ते खरंच. कोळ्याला घाबरायचे. चौथीत असताना भिंतीवरचा नकाशा काढायला गुरुजींनी त्यांना पुढं बोलावलं, नकाशामागून एक कोळी निघाला तो थेट सदऱ्यात शिरला, आणि केसरीनाथ सदरा तिथंच टाकून उघडे घरी आले. त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं त्यांनी हे गुपित जपलं, बायकोपासूनसुद्धा. निदान त्यांचा तसा समज होता.

आणि आजचा दिवस साधा नव्हता. गावातून मोठ्या रस्त्याला जाणारी जुनी पायवाट गोदामवाल्या शेठनं दोन महिन्यांपूर्वी गेट लावून बंद केली होती. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या बायका पाच मिनिटांत रस्त्याला लागायच्या, त्यांना आता अडीच किलोमीटरचा वळसा पडत होता. त्यांच्यात उन्नती होती. सहाव्या महिन्यात, उन्हात, धुळीत, मागून कंटेनर हॉर्न मारतायत. केसरीनाथ रोज सकाळी ओट्यावरून तिला जाताना बघायचे. आज अकरा वाजता शेठचा मॅनेजर गेटवर बोलणी करायला येणार होता. गावाच्या वतीनं बोलणार होते केसरीनाथ. तर असा माणूस सकाळी सातला सुनेपुढं म्हणणार का, की बाय, तुझ्या सासूला बोलव, मना कोळ्याची भीती वाटते?

खराटा घेऊन ते मोरीत शिरले आणि दार आतून लावून घेतलं. (पराक्रमाला साक्षीदार नको होते.) कोळी नळाच्या वर भिंतीला चिकटून बसला होता, आठही पाय ऐसपैस पसरून, घरपट्टी तोच भरत असल्यासारखा.

"हे बघ," केसरीनाथ हळू आवाजात म्हणाले, "अकरा वाजता मना गेटवर जायचा हाय. माझ्याकडं टाइम न्हाय. तू खिडकीतून निघ."

कोळी निघाला नाही. केसरीनाथांनी खराटा उचलला, डोळे मिटले आणि हाणला. डोळे मिटायला नको होते. खराटा फळीला लागला, फळीवरचा शाम्पू, दोन साबण आणि मुलाचं दाढीचं सामान खाली आलं, आणि त्याच वेळी डाव्या गालावर काहीतरी हलकंसं टेकलं. केसरीनाथांनी स्वतःच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की त्यांच्या बापानंसुद्धा कधी दिली नसेल.

बाहेरून उन्नतीचा आवाज आला. "बाबा, मेला काय?"

"कोण?" केसरीनाथांनी आतून विचारलं.

बाहेर आले तेव्हा डाव्या डोळ्याखाली मसुराएवढा लाल ठिपका होता. "चावला," ते म्हणाले.

बायजाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "चावला न्हाय. मुतला."

"तोंड माझं हाय. मना कलत न्हाय काय?"

"चावला असता तं दोन ठिपके असते. हा एक हाय."

"एका दातानं चावला असंल."

"बाबा, तुमीच मारून घेतलाव," उन्नती म्हणाली. "आवाज इथपर्यंत आला. कोळी असा उगाच कुणाला चावत न्हाय. साबणानं धुवा, बर्फ लावा. वाटलंच तर डॉक्टरकडं जाऊ."

डॉक्टरचा दवाखाना म्हणजे अर्ध्या गावाची बसायची जागा. तिथं तोंड दाखवलं की दहाच्या आत बातमी गेटवर पोचणार, की जेसीबीला न घाबरणाऱ्याला मोरीत कोळ्यानं लोळवलं. केसरीनाथांनी दवाखाना साफ नाकारला आणि बायकोच्या औषधाला तोंड पुढं केलं. कोळी अंगावर मुतला तर आमचूर आणि हळद लावायची, हे बायजाबाईंच्या माहेरी चार पिढ्या चालत आलेलं. त्यांनी मिक्सरच्या लहान भांड्यात आमचूर, हळद आणि थोडं पाणी फिरवलं आणि गाल, पापणी, कपाळ असा सगळा भाग लिंपून काढला.

दोन मिनिटांत केसरीनाथ पाटावर बसल्या बसल्या डुलायला लागले.

"आग होते?"

"होते."

"मंग विष निंगतंय."

"आई, कोळ्याला एवढं विष नसतं," उन्नती म्हणाली.

"मंग आग कशाची होते?" बायजाबाईंनी विचारलं.  आणि त्यांनी आणखी एक थर दिला.

साडेदहाला केसरीनाथांनी आरशात पाहिलं. डावा डोळा होता तिथं एक चीर उरली होती. गाल टम्म फुगून पावाएवढा झाला होता, वरचा ओठ एकीकडं निघाला होता आणि सगळ्यावर हळदीची पिवळी झाक होती.

"आज राहू द्या," उन्नती म्हणाली. "चांगदेवकाका बोलतील."

बोलायला नको ते बोलली पोर. चांगदेव म्हणजे शेजारी, गावचे दुसरे पुढारी. प्रत्येक भांडणाची सुरुवात 'आपण सामंजस्यानं घेऊ' अशी करायची आणि शेवट समोरच्याच्या ऑफिसात चहा पिऊन, ही त्यांची पद्धत. केसरीनाथांनी टोपी घातली. "एका डोळ्यानं पन वाट दिसते मना," ते म्हणाले आणि निघाले. उन्नती मागून आली. बायजाबाई 'आलेच' म्हणून दोन मिनिटांनी निघाल्या.

गेटवर चाळीसएक माणसं जमली होती. केसरीनाथ दिसले तशा सगळ्या माना वळल्या.

"कोणी मारला तुला?" चांगदेवनं विचारलं.

"कोणी न्हाय. मोरीत पडलो."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मार खाल्लेला माणूस हेच सांगतो, हे अख्ख्या भिवंडी तालुक्याला माहीत आहे.

"घाबरू नको, नाव सांग."

"अरे, खरंच मोरीत पडलो."

"बघा, किती घाबरवलाय त्याला," मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात मॅनेजरची गाडी आली. मॅनेजर उतरला, त्यानं तो चेहरा पाहिला, चाळीस माणसं पाहिली, त्यांच्या हातातले मोबाइल पाहिले, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "यात आमचा काही संबंध नाही."

"तुमचं नाव घेतलंय मी?" केसरीनाथांनी विचारलं. "जे झालं ते माझ्या घरात झालं."

"घरात घुसून?" मॅनेजर एक पाऊल मागं सरकला. "किती जण होते?"

केसरीनाथांना खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायची हिंमत नव्हती. "एकच," ते म्हणाले.

"एकट्यानं एवढं केलं? कसा होता दिसायला?"

"काळा. केसाळ. एक शब्द बोलला न्हाय, वरून उडीच मारली."

बायका पुटपुटायला लागल्या. मॅनेजर म्हणाला, शेठ असली माणसं ठेवत नाहीत, शपथेवर सांगतो, हवं तर दवाखान्याचा खर्च आम्ही करू. आणि तिथं केसरीनाथांचं डोकं फिरलं. तोंडाची आग, दोन महिन्यांचा राग, उन्हात वळसा घालणारी सून, सगळं एकदम वर आलं.

"माझं तोंड राहू दे बाजूला," ते म्हणाले. ओठ सुजल्यामुळं शब्द जड येत होते, पण प्रत्येक शब्द ऐकू गेला. "तोंडाचं माझं मी बघीन. तू वाटेचं बोल. ही वाट माझ्या आज्यानं तुडवलेली हाय. ही पोर सहाव्या महिन्यात अडीच किलोमीटर फिरून जाते, तुझ्या शेठच्या गेटपायी. माझा दुसरा डोळा पन सुजू दे, मी उद्या इथंच बसनार, परवा पन बसनार. गेट उघड."

मॅनेजर बाजूला जाऊन फोनवर दहा मिनिटं बोलला. परत आला आणि वॉचमनला म्हणाला, गेटमधला छोटा दरवाजा उघड, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडाच ठेवायचा. कागदावर लिहून सही दिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. उन्नतीनं सासऱ्याचा हात धरला, आणि केसरीनाथांच्या उघड्या डोळ्यातूनही पाणी आलं.

दुपारी घरी उन्नतीनं चटणीसाठी मिक्सरचं लहान भांडं उघडलं आणि तिला ठसका लागला.

"आई, ह्यात काल मसाल्याच्या मिरच्या फिरवल्या होत्या?"

"पुसला होता मी फडक्यानं," बायजाबाई म्हणाल्या.

केसरीनाथांनी सुजलेला गाल चाचपला. "म्हंजे कोळ्यानं..."

"कायच केलं न्हाय बिचाऱ्यानं," बायजाबाई म्हणाल्या. "बादलीत बसला होता."

"मग मारलास त्याला?"

"कशाला मारू? पेपरात धरला. घराजवळ सोडला असता तं फिरून आला असता, म्हणून गेटवर येताना घेऊन आली. तुमचं भाषण चाललं होतं तवा मी मागंच होती. मधीच सोडला असता तं तुमी पळाला असता. संपल्यावर सोडला दरवाज्यावर."

म्हणजे आपण 'इथंच बसनार' म्हणत होतो तेव्हा तो आपल्या पाठीमागं, एका हातावर, पेपराच्या पुडीत होता. केसरीनाथ खाटेवर आडवे झाले.

आठवड्यानं गावानं त्या छोट्या दरवाज्यावर पाटी लावली: केसरीनाथ पाटील वाट. आता सगळं गाव तिथून जातं. उन्नती पाच मिनिटांत मोठ्या रस्त्याला लागते. केसरीनाथही पहिल्या दिवशी नवी टोपी घालून गेले होते, दरवाज्यापासून दहा पावलांवर थांबले. पाटीच्या मागून चार पाय बाहेर आलेले त्यांना दिसले. उरलेले चार मोजायला ते थांबले नाहीत.

परवा ते वळशाच्या रस्त्यानं रिक्षात बसून नाक्यावर चालले होते. रिक्षावाला मुख्तार ह्या लाइनीवर नवीन. गोदामाच्या कोपऱ्यावर त्यानं मान वळवली. "चाचा, इधरसे क्यूं जाते? ती वाट चालू झाली ना? एक केसरीनाथ पाटील आहेत, त्यांनी खोलली. बहुत मार खाया, पण हटले नाहीत. किसीसे नहीं डरते, बोलतात."

"माझे गुडघे दुखतात," केसरीनाथ म्हणाले.

"तुम्ही त्याच गावचे ना? नाव काय तुमचं?"

केसरीनाथांनी टोपी जरा पुढं ओढली.

"चांगदेव," ते म्हणाले.