पोटात काय हाय, ते दाखवा

आमचे शेजारी गड्डम सर कुणाकडेही जाताना खांद्यावर पिवळ्या वायरचं भलंमोठं वेटोळं घेऊन जातात. माझ्या नणंदेच्या लग्नात वॉचमननं त्यांना हॉलच्या दारातच अडवलं आणि मागच्या बाजूनं जायला सांगितलं. त्याला वाटलं, लायटिंगवाला आलाय. सर शांतपणे म्हणाले, "आहेर द्यायला आलोय. ही माझी इंटरनेटची वायर हाय."

कारण सरांच्या लॅपटॉपवर वायफाय चालत नाही. ते बिघडलेलं नाही. सर चालू देत नाहीत.

सर सोलापुरातल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. पन्नाशीचे, बिनलग्नाचे, आईबरोबर राहणारे. त्यांच्या लॅपटॉपवर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही फुकट मिळणारी सिस्टीम आहे. फुकट म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "मुक्त म्हणा की ओ भाभी! फुकट तर भंडाऱ्यातला भातबी असतोय." मुक्त म्हणजे तिच्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. अडचण एवढीच, की लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला जागं करायला एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो चिपची कंपनी देते, पण पक्का बंद करून. आत काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही.

"पोटात काय हाय ते दाखवा, मग घरात या," हे सरांचं आवडतं वाक्य. ते वायफायला लागू, विमा विकायला आलेल्या पोराला लागू, मत मागायला आलेल्या उमेदवाराला लागू. समोसासुद्धा ते आधी फोडून बघतात.

माझा नवरा सलीम मोबाइल दुरुस्त करतो. त्याचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं. "सर, चल्या तो बस ना! अंदर का देखके क्या करनेका?" रोज संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून दोघांची जुंपायची.

"तुमारे कीबोर्डमें, डिस्कमें पैलेसे बंद प्रोग्राम हैच ना सर?" सलीम विचारायचा.

"ते कारखान्यातनंच पोटात घेऊन आलंय. मी माझ्या हातानं न्हाय घातलं."

"हौ! मतलब आँख मीचके खाया तो हलाल, हातसे लिया तो हराम!"

यावर सरांना लगेच उत्तर सुचायचं नाही. ते घरात जायचे, चहा प्यायचे, आणि तासाभरानं उत्तर घेऊन परत भिंतीशी यायचे. तोवर सलीम जेवायला बसलेला असायचा. मग ते उत्तर मला ऐकावं लागायचं. मीही "हो का?" म्हणत पोळ्या लाटत राहायचे.

आणि एक दिवस सर भिंतीशी जवळजवळ उडी मारतच आले. "भाभी! मतदान लागलंय!"

मला वाटलं, महापालिकेचं. पण हे जगाचं होतं. ती सिस्टीम बनवणाऱ्या मंडळींमध्येच फूट पडली होती. नव्या लॅपटॉपवर सिस्टीम टाकायला गेलं, की वायफाय चालेना, स्क्रीन नीट दिसेना. लोक कंटाळून सोडून जायचे. म्हणून एका गटाचं म्हणणं, बंद फर्मवेअर आपणच सोबत द्यावं. दुसरा गट म्हणे, मग आपण मुक्त कसले? सरांनी वर्षानुवर्षं त्या सिस्टीमचा मराठी आणि तेलुगू अनुवाद केलेला, त्यामुळे त्यांनाही एक मत देता येत होतं.

पुढचे दिवस आमच्या गल्लीत नुसती धमाल. सर जगभरचे मेल भिंतीवरून मोठमोठ्यानं वाचून दाखवायचे. "ब्राझीलवाला आपल्या बाजूनं हाय! जर्मनीतले दोघं फुटले! फ्रान्समदल्या बाईनं काय झाडलंय बघा!" ब्राझीलवाला कोण ते मला माहीत नव्हतं, पण तो टिकला पाहिजे असं मलाही वाटायला लागलं. सलीम दुकानातून आल्या आल्या बूटही न काढता विचारायचा, "जर्मनीका क्या हुआ?" त्या गडबडीत माझं दूध दोनदा उतू गेलं.

या सगळ्यात अम्मा, म्हणजे सरांच्या आई, पायरीवर बसून हसत असायच्या. त्यांची सगळी हयात पॉवरलूमच्या खडखडाटात गेली, आणि ऐकणंही हळूहळू तिथंच गेलं. मुलगा हातवारे करतोय, शेजारी हातवारे करतोय, एवढंच त्यांना दिसायचं.

मतदान संपायला थोडे दिवस उरले असताना चादरींचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो गल्लीत मागे मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आम्ही ओरडत होतो, आणि अम्मा पाठमोऱ्या उभ्या राहून तुळशीला पाणी घालत होत्या. सलीमनं भिंतीवरून उडी टाकून त्यांना बाजूला ओढलं. कुंडीचा चुरा झाला. अम्मा सलीमवरच चिडल्या, कुंडी फोडली म्हणून.

त्या संध्याकाळी सरांनी एकही मेल वाचून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी कानाचं मशीन घ्यायला मी सर आणि अम्मांसोबत दुकानात गेले. तिथल्या मॅडमनी मशीन दाखवलं, बोटाच्या पेराएवढं.

"याचं फर्मवेअर मुक्त हाय का?" सरांनी विचारलं.

"वॉरंटी आहे ना सर," मॅडम म्हणाल्या.

"आवाज कमी-जास्त कोण करणार?"

"आम्हीच. कंपनीचा प्रोग्राम असतो, तो दुसऱ्या कुणाला उघडत नाही."

"म्हणजे माझ्या आईनं काय ऐकायचं, ते कंपनी ठरवणार? त्याच्या पोटात काय हाय, ते मला कळायला नको?" सर खुर्चीतून उठलेच. मॅडम दाराकडे बघायला लागल्या. मुक्त मशीन कुठं मिळतं का, हेही सरांनी विचारलं. विकायला आहे असं एकही मॅडमना ठाऊक नव्हतं.

दोघांच्या मध्ये अम्मा बसल्या होत्या. एकदा मुलाच्या तोंडाकडे बघायच्या, एकदा मॅडमच्या, आणि दोघांनाही हसून मान हलवायच्या. आपल्याबद्दल चांगलंच काही चाललं असणार, अशा समजुतीनं.

सरांचं तिकडे लक्ष गेलं. ते बोलता बोलता थांबले. मग खाली बसले.

"द्या हिकडं," ते म्हणाले. "मीच लावतो."

मतदानाचं सांगून टाकते. बंद फर्मवेअर सोबत द्यावं म्हणणारे जिंकले. सरांनी मत कुणाला दिलं ते सलीमनं नाना तऱ्हेनं विचारून पाहिलं. "गुप्त असतंय की ओ," एवढंच उत्तर.

पण मला सांगायची आहे ती संध्याकाळ मशीन आणलं त्याच दिवशीची. मी अम्मांना सांबार द्यायला गेले होते. पद्मशाल्यांच्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, शेजारात वाढल्यामुळे मला तेलुगू कळतं. मायलेक पायरीवर तेलुगूत बोलत बसले होते. अम्मा म्हणाल्या, "रोज त्या सलीमशी एवढा कशावरनं भांडतोस, ते सांग की आता."

आणि सर सांगायला लागले. अगदी पहिल्यापासून. चिप म्हणजे काय, मुक्त म्हणजे काय, ब्राझीलवाला कोण. आम्ही सगळे त्यांना अर्ध्यातच तोडायचो. अम्मांनी एकदाही तोडलं नाही. मी हातात भांडं घेऊन दारातच उभी राहिले. सरांना एवढं सावकाश बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी अम्मांनी कानाला हात लावला. "आणि हे? याच्या पोटात काय हाय, ते कळतंय का तुला?"

"न्हाय कळत."

"मग का घातलंस माझ्या कानात?"

सरांनी पुढे होऊन आईचे केस कानामागं सारले आणि सैल झालेलं मशीन अंगठ्यानं हलकेच नीट बसवलं.

"तू माझं ऐकून हे विचारलंस की आता, अम्मा," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच."