बोटभर काडीची सोयरीक

आमच्या शेजारच्या दत्तरावकाकांकडे पाण्यातल्या झाडाची बोटभर काडी मागितली, तर ते आधी तुमचं घर बघायला येतात. मी मागितली आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा, टोपी घालून काका दारात हजर. दिलेलं पाणी त्यांनी आधी उजेडात धरून बघितलं.

"बोरचं का नळाचं?"

"नळाचं."

"ऊन कोन्त्या खिडकीतून येतं? घरात तापट कोन हाय?"

झाडाला तापट माणसाची काय तकलीफ, असं मी विचारलं.

"द्यायची म्हन्ल्यावर बराबर चौकशी नको का?"

माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली असती तर मी आज कुठे असते, असा विचार माझ्या मनात आला. आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी तो आणखी वर धरला.

काका हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या आडतीवर मुनीम होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीत काचेची मोठी टाकी आणली आणि तिच्यात नुसती झाडं लावली. मासा औषधालाही नाही. "मासे पानं कुरतडतेत, काहून पाळावं?" मुख्य झाड हायग्रोफिला. ते म्हणताना जीभ अडखळते म्हणून काका त्या झाडाला 'हिरा' म्हणतात. फांदी पाण्यावर डोकं काढू लागली की पेराखाली कात्री लावायची, खालची पानं खुडायची आणि लांब चिमट्यानं काडी वाळूत रोवायची. रोवताना काका श्वास रोखतात आणि सरूकाकूंनाही रोखायला लावतात. पेराला पांढरी मुळं फुटली की काडी लग्नाची झाली.

काडी दिल्यापासून मी त्यांची विहीणबाई झाले. "सहज आलतो" म्हणत यायचे आणि चहा पिताना सगळं लक्ष माझ्या खिडकीतल्या बरणीकडे. एकदा पिवळं पान दिसलं, तर चहा तसाच टाकून निघून गेले.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या टाकीत शेवाळ माजलं. आता माणूस पडला हिंगोलीचा. घसा धरला, हळद. बोट कापलं, हळद. काकांनी टाकीत वाटीभर हळद सोडली. पाण्याचं वरण झालं, आत उजेड पोचेना आणि आठवडाभरात सगळी झाडं सडून गेली. रिकामी टाकी पुसून काका ओट्यावर बसून राहिले.

"काका, माझ्याकडची घ्या की परत," मी म्हटलं.

"दिलेली लेक कुनी परत मागतं व्हय?"

त्यानंतर त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं. एवढा चिवट पाहुणा, पण मला करमेना. त्यांचा हट्ट मोडायचा कसा, तेच समजत नव्हतं. शेवटी नागपंचमी जवळ आली तेव्हा सुचलं. पंचमीला काही कापत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच बरणीतल्या हिराच्या पेराखाली कात्री लावून ठेवली. सणाच्या सकाळी काडी तांब्यात घातली आणि ह्यांना घेऊन काकांचं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं.

"काका, तुमची लेक पंचमीला माहेरी आणलीय."

काकांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि ते आत वळले.

काकूंनी आम्हाला पुरणाचे गरम दिंड वाढले. ह्यांनी लाज सोडून खाल्ले. मी ताटं उचलायला आत गेले तर काकू शेगडीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"पोरी, आमाला लेकरू न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "पंचमीला गल्लीतल्या समद्या लेकी माहेरी येतेत. तवा हे सकाळपासून दार लावून घेतेत. आज पहिल्यांदा उघडं हाय."

डोळे भरून आले ते मी धुरावर ढकलले, पण गॅसला कुठला धूर?

तेवढ्यात बैठकीतून काकांचा आवाज आला. जरा चाचरत, अगदी मुलीच्या बापाचा.

"विहीनबाई, दिवाळीपस्तोर राहू द्याल का तिला?"