पिवळ्या टोपीतले व्याही

"लग्नाचा विषय ते काढेपर्यंत आपण काढायचा नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. आणि त्यांच्या हातात पिशवी दिसली की आधी उचलायची. मुलीचे बाप आहात तुम्ही, मॉलमधले सुपरवायझर नाही!" कमलबाईने रामदासला बजावून ठेवलं होतं.

लोअर परळच्या चाळीत राहणाऱ्या रामदासच्या लेकीने, संघमित्राने, स्वतःच अमितला पसंत केलं होतं. दोन्हीकडच्या आईबापांनी मात्र एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. खोलीत पोह्यांच्या बशा धरून अवघडून बसण्यापेक्षा घारापुरीला जाऊ, डोंगर, झाडं, पक्षी बघता बघता ओळखी होतील, असं पोरांनी ठरवलं. कोणी चुकू नये म्हणून दोन्ही घरांना पिवळ्या टोप्या वाटल्या. बायका पुढे जाणार होत्या आणि रामदास मॉलमधली रात्रपाळी संपवून थेट गेटवेला पोचणार होता.

तो पोचला तेव्हा पिवळ्या टोप्यांनी भरलेली एक लाँच नेमकी सुटत होती. रामदासने जीव मुठीत धरून उडी मारली.

"माफ करा, उशीर झाला! पण आता दिवसभर मी तुमच्या सेवेला आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आलात एकदाचे! आम्ही आशाच सोडली होती," एक मिशाळ गृहस्थ म्हणाले.

हे हेमचंद्रराव, दादरच्या ज्येष्ठ नागरिक निसर्ग मंडळाचे अध्यक्ष; मंडळाच्या टोप्याही नेमक्या पिवळ्याच. मंडळाचा गाइड आलाच नव्हता आणि त्यांना रामदासच गाइड वाटला. रामदासने मिशा पाहिल्या, आवाजातला रुबाब ऐकला आणि हेच आपले व्याही असं मनाशी पक्कं केलं. नातेवाईक बरेच आणलेत, हे थोडं खटकलं. कमल आणि पोरं दिसेनात, ती आधीच्या लाँचने गेली असतील. फोन रात्रीच मेला होता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

बेटावर उतरताच हेमचंद्ररावांनी एका झाडाकडे बोट केलं. "हे कोणतं?"

रामदासला घाम फुटला. व्याही परीक्षा घेतायत! मुलीच्या बापाने "माहीत नाही" म्हणायचं कसं?

"हे... बेटचिंच. फक्त बेटावरच येते."

"वा! आणि तो पक्षी?"

"खाडीकोतवाल."

मंडळी थक्क झाली. एका बाईंनी तर पक्ष्याला वाकून बघितलं. आपण नापास होत नाही हे पाहून रामदासची भीड चेपली. खारफुटीपाशी तर त्याने, ही झाडं भरतीच्या वेळी श्वास रोखून धरतात, असंही ठोकून दिलं. मधूनच त्याला वाटे, सगळे झाडांचंच विचारतायत, मुलीचं कोणीच कसं विचारत नाही? पण विषय आपण काढायचा नव्हता.

डोक्याला ताप होता तो वेगळाच. लाँचवर मागे बसलेला एक बारकेला माणूस प्रत्येक पिशवी रामदासच्या आधी उचलत होता. टूरवाल्यांचा हमाल असणार. पण यानेच सगळं उचललं तर आपली सेवा दिसणार कशी?

"ओ मामा, जरा मागे राहा ना! दर वेळी मधे काय येता?"

"असू द्या हो. मला सवय आहे."

"सवय आहे तर ती पाण्याची पेटी घ्या. आणि पाय उचला जरा."

माणूस मुकाट्याने पेटी घेऊन डोंगर चढला. दुपारी माकडाने त्याच्या हातातला डबाच पळवला, तेव्हा मात्र रामदासला राहवलं नाही. "घ्या. सुकटीची चटणी आहे, चालेल ना?" म्हणत त्याने आपली अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. दोघं बेटचिंचेखाली बसून जेवले.

संध्याकाळी लाँच गेटवेला लागली. कठड्यावर कमलबाई, संघमित्रा, अमित आणि एक बाई बसल्या होत्या.

"होतात कुठे तुम्ही? आम्ही सकाळपासून इथेच बसलोय!" कमलबाई कडाडली.

"अगं, व्याह्यांबरोबर! बघ, किती खूश केलंय त्यांना." रामदासने हेमचंद्ररावांकडे हात केला.

"हे कोण?" कमलबाईने विचारलं.

"पुढच्या सहलीलाही तुम्हीच या हं!" असं सांगून हेमचंद्रराव मंडळासह निघूनही गेले. रामदासला काही कळेना. तेवढ्यात ती दुसरी बाई त्याच्या मागे बघून ओरडली, "अहो! तुम्ही तिकडे कुठे? आणि ही ओझी कुणाची?"

बारकेला माणूस दोन्ही हातांत रिकाम्या पेट्या घेऊन उभा होता.

"बाबा!" अमित म्हणाला.

"ओ मामा", "पाय उचला", दिवसभराचं सगळं रामदासला एकदम आठवलं. लेकीचं लग्न आपणच मोडलं, या विचाराने त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"पिवळ्या टोप्या बघून लाँचमध्ये चढलो. मला वाटलं, ती मंडळी मुलीकडची," अमितचा बाप आनंदा शरमून म्हणाला. "अमितने बजावलं होतं, मुलाचा बाप म्हणून मिरवायचं नाही, काम करायचं. आणि हे मला गाइड वाटले. फोन हिच्या पर्समध्ये."

"साहेब, चुकलो मी..." रामदासने हात जोडले.

"अहो, माफी नंतर मागा," कमलबाई म्हणाली. "तुम्ही दोघं नव्हतात ना, म्हणून सगळं सुरळीत झालं. लग्नाची तारीख ठरली, हॉलसुद्धा ठरला."

आनंदाने रामदासकडे नीट पाहिलं आणि दोन्ही पेट्या त्याच्या हातात दिल्या.

"घ्या, व्याही. आता तुमची पाळी. आणि पाय उचला जरा."