मार्थाबाई साळवे यांचे पियानोची व मुक्या दरबाराची हकीकत

श्रीनादब्रह्म साह्य. लांकडास जीभ नाहीं तरी बोलतें आणि माणसास जीभ असोन ऐन वेळीं बोलत नाहीं, त्या दोहोंस नमन करोन ही हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, नदीकांठचे एके नगरीं राजश्री तुळाजीराव काटे नगराध्यक्षपदीं विराजमान असतां पियानोचा जलसा जाहला. नगराचें नांव लिहीत नाहीं, कारण तेथील लोक मानी आहेत आणि लेखकास तेथेंच राहणें आहे.

त्या नगरीं क्लबाचा थोरला दिवाणखाना. गोरे साहेब जातेसमयीं आपला पियानो तेथें टाकोन गेले, आणि क्लबाचे मानकरी त्यावर बहुत वर्षें चहाच्या कपबश्या ठेवीत. दिवाणखाना झाडावयास राहेलबाई साळवे होत्या, कानांनीं ठार बहिऱ्या. त्यांची लेक मार्था आईसंगें येई आणि फडकें मारतां मारतां पियानोची एखादी पट्टी दाबी. तें ऐकोन मानकरी संतप्त जाहले आणि "झाडणारणीच्या पोरीनं पियानोला हात लावायचा नाही" म्हणोन तिला बाहेर घातली. मग मिशनचे मडमेनें पोरीस हातीं धरिलें, चर्चांत बसवोन शिकविलें, आणि पोर शिकत गेली ती सातासमुद्रांपलीकडे गेली, आणि थोर थोर दरबारीं एकटी पियानो वाजवोन कीर्ति पावली. तें वर्तमान छापून आलें आणि नगरास एकाएकीं आठवण जाहली. ज्यांणीं हांकलिली तेच "आमची मार्था, आमची मार्था" म्हणों लागले. तुळाजीरावांणीं आग्रहाचें आमंत्रण धाडिलें, पुण्याहून कारागीर आणोन पियानो सुरांत लाविला, आणि कपबश्या उचलविल्या.

परंतु नगरावर एक जुना डाग होता. मागें एक फिडलवादक आले असतां, वाजविण्याचे दोन भागांमध्यें क्षणभर थांबले, तों सभेस वाटलें कीं संपलें. मग टाळ्या जाहल्या, आणि मानकरी धांवले, आणि गळां हार घातला, आणि शाल पांघरली, आणि नारळ हातीं दिला. तो फिडल कोठें धरावा हें न कळोन वादक संतापले आणि तैसेच निघोन गेले. ती बदनामी जिल्हाभर जाहली. म्हणोन यावेळीं तुळाजीरावांणीं आदले दिवशीं रिक्षावर कर्णा लावोन दवंडी पिटविली कीं, "जोवर मी स्वतः टाळी देत नाही, तोवर कुणी हूं का चूं करायचं नाही. जो करील त्याला हॉलबाहेर काढीन." तमाम रयतेनें आज्ञा शिरीं धरिली. मार्थाबाईंस हें कळवावें, ऐसें मात्र कोणा शहाण्यास सुचलें नाहीं.

जलशाचे दिवशीं अस्तमानीं मार्थाबाई आल्या. साधें निळें लुगडें, हातीं बांगडी नाहीं. तुळाजीराव सामोरे गेले तों बाई दारांतच थबकल्या आणि बोलिल्या, "काटेसाहेब, जगात पुष्कळ टाळ्या मिळाल्या. पण याच दारातून मला हाकललं होतं. आज या हॉलनं मला आपलं म्हटलं तर ठीक. नाही म्हटलं, तर आईला घेऊन जाते आणि पुन्हा या गावचं तोंड बघत नाही." तुळाजीराव बोलिले, "असं कसं म्हणता, ताई? गाव तुमचंच हाय." मग राहेलबाईंस पुढील खुर्चीवर बसविलें. झाडणारी बाई त्या खुर्चीवर प्रथमच बसली, ती अगदीं कडेस बसली.

मग बाईंणीं हात पट्ट्यांवर ठेविले, आणि काय जाहलें तें कैसें लिहावें? या लेखणीस लग्नाचे बँडाची संवय. प्रथम अंगणांत थेंब पडावे तैसे एक एक स्वर आले, आणि मग डावे हातें खोल गर्जना उठविली, आणि दिवाणखान्याच्या तावदानांस कंप सुटला, आणि उजवा हात त्यावरोन ऐसा धांवला कीं बोटें मोजूं म्हणतां मोजतां येईनात, आणि मग सर्व शांत होऊन एकच स्वर राहिला, तो इतका हळू कीं लोकांणीं श्वास धरिले. मध्यें दोन वेळां बाई थांबल्या. कोणी खोकला नाहीं. पानतंबाखू खाणारे तोंड मिटोन बसले. ज्यांस सुरांतलें अक्षर कळत नव्हतें त्यांचेही डोळे वाहूं लागले, आणि लेखकही रडला, हें लपविण्याचें कारण नाहीं.

शेवटला स्वर विरला. बाईंणीं हात मांडीवर घेतले. आतां टाळी तुळाजीरावांणीं द्यावयाची. परंतु तुळाजीराव भारले गेले होते, तोंड उघडें, हात गुडघ्यांवर, देहभान नाहीं. सभेनें त्यांजकडे पाहिलें, ते हालेनात, म्हणोन सभाही हालेना. भरला दिवाणखाना मुका. बाई उठोन उभ्या राहिल्या, लोकांकडे पाहिलें, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. वळोन पियानोचें झांकण लाविलें आणि आईस नेण्याकरितां खालीं उतरूं लागल्या.

तों पुढील खुर्चीवरोन टाळी वाजली. राहेलबाई. त्यांणीं दवंडी ऐकिली नव्हती आणि वाद्यही ऐकिलें नव्हतें. लेकीचे हात थांबलेले पाहिले, मग उठल्या आणि झाडूनें घट्टे पडलेल्या हातांनीं जोरजोरानें टाळ्या पिटूं लागल्या, आणि बहिऱ्या माणसाचे मोठ्या आवाजांत ओरडल्या, "लई पळत हुते गं तुझे हात! दमली असशील, पाणी पी!" त्यासरशीं तुळाजीराव भानावर आले, टाळी दिली, आणि मुक्या दरबारास कंठ फुटला. लोक बाकांवर चढले, टोप्या उडाल्या. तुळाजीराव पुढें येऊन हात जोडोन बोलिले, "ताई, चूक माझी. मीच सगळ्यांची तोंडं बांधली, आन् माझाच हात उचलंना." बाई आईचे गळां पडोन लहान पोरीसारख्या रडल्या.

मग बक्षीस काय द्यावें, ऐसें पुसतां बाई बोलिल्या, "पियानोला कुलूप नको. कुणाच्याही पोराला हाकलू नका." तैसाच हुकूम जाहला.

सारांश, नगराचा डाग गेला. बाई पुढील मुलखीं गेल्या. आईस बहुत विनविलें, परंतु राहेलबाई गांव सोडीनात. आतां क्लबांत रोज पोरें पियानो बडवितात, सूर थोडा आणि गोंगाट फार. राहेलबाई पुढील खुर्चीवर ऐसपैस बसतात, आणि ज्याचे हात थांबतील त्यास टाळी देतात. लेखनसीमा.