जावयाने लिहिलेला अर्ज

फाउंडेशनचे अध्यक्ष काठी टेकत स्वतः विरंगुळा केंद्रात आले, तेव्हा संचालिकाबाईंना हायसं वाटलं. एवढे वयस्कर गृहस्थ जिने चढून आले म्हणजे अनुदान मिळालंच, अशी जावयाने खात्री दिली होती. न मिळतं तर महिनाअखेर केंद्राला कुलूप लागलं असतं आणि इथे दिवसभर पत्ते कुटणारी म्हातारी मंडळी पुन्हा आपापल्या खिडकीत एकटी बसली असती.

अर्ज जावयानेच लिहिला होता. जावयाचं लिखाण तपासणं बरं दिसत नाही, म्हणून बाईंनी न वाचताच सही ठोकली होती.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "'आमची गाडी रस्त्यावर एकटे फिरणारे ज्येष्ठ नागरिक उचलून आणते.' बरोबर?"

"उचलून?" बाई म्हणाल्या.

"'आल्याबरोबर त्यांना आंघोळ घालून पिसवांची पावडर चोळतो. चावऱ्या ज्येष्ठांना वेगळं ठेवतो.'"

बाईंनी वळून पाहिलं. जावई पंख्याकडे पाहत होता.

"जावईबापू, हे काय आहे?"

"आई, मित्राच्या संस्थेचा अर्ज होता. त्यांना लगेच पैसे मिळाले. मी फक्त एक शब्द बदलला."

"कसली संस्था?"

"भटक्या कुत्र्यांची."

मागे पत्त्यांचा डाव थांबला. आपल्यातलं चावरं कोण, यावर तिथे कुजबुज झाली आणि सगळ्यांच्या नजरा निवृत्त मुख्याध्यापकांवर खिळल्या.

"पुढे नसबंदीचा परिच्छेद आहे," अध्यक्ष म्हणाले. "तो मी मोठ्याने वाचत नाही."

"साहेब, माफ करा," बाई कशाबशा म्हणाल्या. "द्या तो इकडे, फाडून टाकते."

अध्यक्षांनी अर्ज दिला नाही. त्यांनी शेवटचं पान उलटलं. "'प्रत्येकाला नावाने हाक मारतो. रोज कुणीतरी पाठीवरून हात फिरवतं. न्यायला कुणी आलं नाही, तरी हाकलत नाही.' हेही कुत्र्यांचंच?"

"हो," जावई पुटपुटला.

अध्यक्षांनी एकदा पत्त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढून मंजुरीची सही केली आणि काठी घेऊन उठले. बाई त्यांना पोचवायला दारापर्यंत धावल्या, पण ते दाराकडे वळलेच नाहीत. ते पत्त्यांच्या टेबलाशी जाऊन थांबले.

"मी चावत नाही," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "जरा सरका."