हळर्णच्या काठावर कोणी किती मासे धरावेत

न्याय सर्वांना सारखा वाटला की तो कोणालाच पटत नाही. म्हणून गोवा राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी हळर्णच्या नदीकाठी हौसेने गरी घालणाऱ्यांची एक समिती बसली आणि कोणत्या गटाने दिवसाला किती मासे धरावेत हे ठरवू लागली.

नोकरदारांना पाच (ते थकलेले असतात, कशाने, हे तपासण्याचा अधिकार समितीला नाही). बांधकामाला आलेल्या कोल्हापूरकरांना दोन (काटे घशात अडकतील ही काळजी). हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्यांना हवे तेवढे, कारण ते मासा धरतात, त्याचा मुका घेतात आणि सोडून देतात. मासा शिल्लकच राहतो. सोमवारी आणि गुरुवारी मासे न खाणाऱ्यांना बुडालेल्या वारांची भरपाई म्हणून मंगळवारी दुप्पट. त्या महिन्यात तालुक्यातली भक्ती सत्तर टक्क्यांनी वाढली.

एकट्याने जेवणाऱ्यांना एक. मर्यादा भरली की काठ सोडायचा.

या गटात कृष्णनाथ एकटाच होता. त्याची बायको मालती चैत्रात गेली. तेव्हापासून चार वाजले की घर खायला उठे, म्हणून तो काठावर येऊन बसे. दिवेलागणीपर्यंत बसायला मिळावे, एवढेच त्याला हवे होते. पण मासे पडले समितीहून तत्पर. बसतो न बसतो तोच शेवटा जातीचा मासा गरीला लागला.

"भरली तुझी मर्यादा. घराक जा," अध्यक्ष बाबाजी म्हणाले.

"घराक जावन काय करू?"

"कालवण कर."

"माका येना."

"मग शिक रे! साठी उलाटली तुझी."

दुसऱ्या दिवसापासून कृष्णनाथने गरी काढून नुसती दोरी सोडली. एकही मासा नाही. दिवेलागणीपर्यंत मजेत बसला. समितीला हे कळले आणि तिची झोप उडाली. ज्याला मासाच नको, त्याच्यावर मर्यादा घालायची कशी? तातडीच्या बैठकीत (चहा, भजी, तीन ठराव) त्याच्यासाठी किमान मर्यादा ठरली: रोज निदान एक मासा, नाहीतर काठ सोडावा. म्हणजे मासा मिळाला तर घरी, न मिळाला तरी घरी. इतका चोख न्याय पेडणे तालुक्यात पूर्वी झाला नव्हता.

"मग माका बसूक कसा गावतला?" कृष्णनाथने विचारले.

बाबाजींनी बराच विचार केला. "तपासनिसाक मर्यादा नाय."

त्याच संध्याकाळी तो तपासनीस झाला. (पगार नाही, शिट्टी आहे.)

त्याने मासे मोजलेच नाहीत. प्रत्येकाला एकच विचारी, "घराक कोण आसा?" कोणी "बायल आसा" म्हटले की शिट्टी. "मर्यादा शून्य. ऊठ." अर्ध्या तासात काठ रिकामा. बाबाजी तेवढे राहिले.

"अरे, मी अध्यक्ष!"

"वयनी वाट बघता, बाबाजीभाऊ. उठा."

"वाट खंय बघता रे? ती भांडता!"

"मग धावा."

हल्ली काठावर कृष्णनाथ आणि मासे एवढेच असतात. हाताला काम उरले नाही, म्हणून समितीने त्याचे क्षेत्र वाढवून हौसेने वाचणाऱ्यांपर्यंत आणले आहे. तुम्हाला आतून जेवायला दोनदा हाक मारून झाली असेल, तर तुमचीही मर्यादा भरली आहे. उठा.