हालचाल मोजणारे नाना

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काच फुटली, की घरातलं माणूस रागावून मोकळं व्हायच्या आत नाना दारात हजर होतात. हातात कापडी पिशवी. "टाकू नका. लांबट तुकडे मला द्या." माझ्या बायकोने एकदा फुटलेला आरसा पुढे केला, तर म्हणाले, "आरसा नको, वहिनी. पलीकडचं दिसलं पाहिजे."

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म शेतांच्या हद्दी मोजण्यात गेला. त्यामुळे कुठलीही वस्तू जागेवरून सरकली असेल, असा त्यांना कायम संशय. रस्त्यात भेटले की नमस्कार नाही, "हालचाल काही?" एवढंच. पहिली दोन वर्षं मी त्यांना माझी तब्येत सांगत होतो. नंतर कळलं, ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीबद्दल विचारत होते.

त्या काचांचं काय होतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून एका रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. मुक्ताईनगरच्या पुढे, बऱ्हाणपूरच्या रस्त्यावरून आत वळलं की केळीच्या बागांमागे एक टेकडी लागते. तिच्यावर लहानसा किल्ला आहे, खानदेशच्या वेशीवरचं जुनं लष्करी ठाणं.

"इथं राजा कधी राह्यला नाही," नाना चढता चढता सांगू लागले. "नुसते शिपाई. तिकडून धूळ उडाली की खाली निरोप धाडायचा. दिवसभर बघत बसायचं, हेच काम." ते काम अजून चालूच असल्यासारखं त्यांनी डोळ्यांवर हात धरून उत्तरेकडे पाहिलं.

बुरुजाच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या होत्या. दोन्ही टोकांना प्लास्टर, खाली तारीख. "भेग केसभर रुंदावली तरी काच तडकते," नाना म्हणाले. "मग वहीत लिहायचं." वही त्यांनी दाखवली. पानोपानी एकच नोंद होती : हालचाल नाही. इतक्या आनंदाने लिहिलेलं 'नाही' मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून शिडी धरायचं काम माझ्याकडे आलं.

या चैत्रात, टेकडीखालच्या गावच्या देवीच्या जत्रेला दोन दिवस उरले असताना, आम्हाला एका ओळीत तीन काचा तडकलेल्या सापडल्या. नानांनी तिन्ही नोंदी वहीत लिहिल्या. मग मला घेऊन थेट सरपंचांकडे गेले.

"दुकानं बुरुजाखाली लावू नका."

सरपंच हसले. "नाना, आमच्या आज्याच्या आज्यानं तिथंच जिलेबी खाल्ली. तुम्ही काचीच्या तुकड्यावरून जत्रा हलवू राह्यले का?"

नाना वाद घालणारे नव्हेत. जत्रेच्या सकाळी ते बुरुजाखाली गेले आणि जिलेबीवाल्याने भट्टीसाठी खणलेल्या खड्ड्यात मांडी घालून बसले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर वही.

"नाना, उठा. तेल तापवायचं आहे," जिलेबीवाला म्हणाला.

"तापवा की. त्या निंबाखाली."

"अन् तुम्ही?"

"मी इथं बरा आहे."

दुपारपर्यंत ते उठले नाहीत. मी दोनदा पाणी नेऊन दिलं आणि दोन्ही वेळा बुरुजाकडे बघत पळत परतलो. शेवटी जिलेबीवाला वैतागून निंबाखाली गेला. गर्दी जिलेबीमागे गेली आणि बाकीची दुकानं गर्दीमागे.

जत्रा झाली. बुरुज पडला नाही. गावकरी नानांना "हालचाल काही?" म्हणून चिडवू लागले. नाना मान खाली घालून स्कूटरला किक मारत राहिले.

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि पहाटे बुरुजाची अख्खी पुढची बाजू खाली आली, बरोबर त्या खड्ड्यावर. कुणाला खरचटलंही नाही. फोन सरपंचांचाच आला. आवाज पडलेला होता. "नाना, तुम्ही या. जसं सांगाल तसं करू. आम्ही काहीच हलवलं नाही."

मला वाटलं, नाना आज ताठ मानेने चढतील. पण ते ढिगाऱ्याशी जाऊन एका दगडावर बसले. गावकरी दूर उभे होते. मी म्हणालो, "नाना, तुमच्यामुळे माणसं वाचली."

"हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आमची ही, शकू, वर्षभर बारीक होत चालली होती. रोज समोर बसून मला वाढायची. मी जगाचं मोजत होतो. ब्लाउज ढिले झाले म्हणून ती टाके घालत बसायची, तेही मला दिसायचं. दिसलं, पण कळलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता."

नाना एकटे राहतात, एवढंच मला माहीत होतं. कधीपासून, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पिशवीतून खडू काढून माझ्या हातात दिला. पडलेल्या प्रत्येक दगडावर आकडा टाकायचा होता, म्हणजे उद्या कुणी भिंत पुन्हा रचायला घेतली तर ज्याची जागा त्याला मिळेल. नाना आकडा सांगत, मी लिहीत होतो. थोड्या वेळाने सरपंच बाह्या सारून आले आणि दगड उलटे करू लागले.

"सावकाश," नाना त्यांना म्हणाले. "कोपरा दुखवू नका त्याचा."